आधी विचारा, मग या

खाडीकाठी फिलोमिना मावशीला सगळे ओळखतात ते दोन गोष्टींसाठी, तिनं विणलेले उबदार स्वेटर आणि तिची तिखट जीभ. व्हँकुव्हर बेटावरच्या या खाडीत तिच्या आईचं गाव होतं. सरकारनं ते उठवून वर खडकाळ माळावर नेलं आणि खालचा, तिसऱ्या-शिंपल्या मिळणारा किनारा बाहेरून आलेल्यांना देऊन टाकला. आता तिथे शिडाच्या होड्यांचा क्लब आहे. दर जूनमध्ये क्लबच्या वार्षिक सोहळ्यात अध्यक्ष रसेल कागद वाचतो, 'ही भूमी मूळ रहिवाशांची, हे आम्ही नम्रपणे मान्य करतो.' मग मावशी दोन शब्दांत स्वागत करते, टाळ्या पडतात, केक कापतात. बारा वर्षं हेच चाललंय.

यंदा सकाळी दाट धुकं उतरलं आणि मावशी त्यात हरवल्यासारखी झाली, लहानपणीचा किनारा डोळ्यांपुढे आला. पाण्यावरून वल्ह्यांचा आवाज येत होता. आई वाळूत उभी राहून हाक देत होती, 'कोण तुम्ही? कुठले? काय हवंय?' पाहुणे होडीतूनच नावगाव सांगायचे, येऊ का विचारायचे. आई 'या' म्हणेपर्यंत कुणाचा पाय वाळूला लागत नसे.

"अँब्रोज," ती भाच्याला म्हणाली, "या लोकांनी मला कधी विचारलंच नाही रे. मग मी 'या' कुणाला म्हणते?"

अँब्रोजनं क्लबच्या छपराकडे पाहिलं. गावातल्या पोरांनी तीन वर्षं खपून देवदाराच्या खोडातून कोरलेली लांब होडी क्लबच्या छपराखाली होती, तीही रसेलच्या मेहेरबानीवर. "मावशी, आज तोंड आवर गं. त्याचं डोकं फिरलं तर आपली होडी उन्हात तडकेल."

"तडकू दे मेली!" म्हणाली खरी, पण जीव त्या होडीतच अडकला होता तिचा.

कागद वाचून झाला. रसेल तिच्याकडे वळला. मावशीनं पाण्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "पाण्यात जा. तिथून विचारा."

हशा पिकला. रसेल लालबुंद झाला. "बरं बाई, तुमच्या मनासारखं होऊ दे," म्हणत त्यानं एक छोटी होडी ढकलली आणि धुक्यात दिसेनासा झाला.

"कोण तू?" मावशीनं हाक दिली.

"अहो, मी रसेल!"

"कुठला?"

"इथलाच." वल्हं होडीत ठेवल्याचा आवाज आला. "म्हणजे... आजोबा आले होते. या किनाऱ्याला कुंपण त्यांनीच घातलं. त्यांनी कुणाला विचारलं नसावं."

"काय हवंय?"

"किनाऱ्यावर यायचंय." आवाजातली चेष्टा गेली होती. "येऊ का?"

 उभ्या जन्मात मावशीला हे कुणी विचारलं नव्हतं. 'नाही' म्हणायची सोयही आजच पहिल्यांदा झाली होती. ती वाळूत बसली, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"हो म्हण ना, मावशी!" अँब्रोज कुजबुजला.

"थांब!" ती धुक्याकडे तोंड करून ओरडली. "मला विचार करू दे."

"बरं," पाण्यावरून आवाज आला. रसेल थांबला.