नाईक दत्तारामचा झाप

लडाखची पोस्टिंग आली तेव्हा मी हवालदार होतो. आमच्या वर्कशॉप कंपनीत रत्नागिरी जिल्ह्यातले आम्ही दोघंच. मी पालीचा आणि नाईक दत्ताराम नाटे गावचा. फौजेत गाववाला भेटला की तो अर्धा भाऊच. दत्ता मला दादा म्हणायचा. सुबेदार साहेब समोर असले की तेवढ्यापुरतं 'उस्ताद'.

काम साधं होतं. बिघडलेल्या गाड्या आणायच्या, दुरुस्त करायच्या, परत पाठवायच्या. शेडच्या भिंती दोन पत्र्यांमध्ये फोम भरून केलेल्या. सुई जाईल एवढी फट नाही. त्या वर्षी शेडमध्ये गॅसवर चालणारा गरम हवेचा हीटर बसवला. छताच्या कैचीला टांगलेली लोखंडी पेटी, आत बर्नर, मागे पंखा, जळलेला वायू बाहेर नेणारं धुराडं. गॅसच्या टाक्या बाहेर जाळीच्या पिंजऱ्यात. हीटर बसवणारे बसवून गेले आणि देखभाल आमच्या गळ्यात आली. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

मला त्याचा कोर्स करायला पाठवलं. परत आलो आणि दत्ताला शिकवलं. रोज सकाळी साडेसातला आम्ही दोघं तपासणी करायचो. पाइपाच्या जोडांना साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला तर गॅस गळतोय. धुराड्याचे सांधे हलवून बघायचे. बर्नर पेटवून ज्योत निळी आहे ना बघायची. आणि शेवटी भिंतीतल्या झरोक्यापुढे हात धरायचा. हा झरोका गुडघ्याच्या उंचीवर होता, जाळी लावलेला. बर्नरला जळायला लागणारी हवा तिथूनच आत यायची. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, धुराडं ओढेनासं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड शेडमध्ये पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप येते. लडाखच्या उंचीवर डोकं तर सगळ्यांचंच दुखायचं. तिथेच घोळ होता.

दत्ता हे सगळं चोख करायचा. हात इतका स्वच्छ की त्यानं जोडलेल्या इंजिनावर बोट फिरवलं तर बोट काळं व्हायचं नाही. बोलण्यात मात्र अघळपघळ. बर्फाचा भुगा वाऱ्यानं झरोक्यातून आत आला की म्हणायचा, "दादा, झड आली बघ."

झड म्हणजे वाऱ्यानं आडवा झालेला पाऊस. आमच्याकडे पावसाळ्यात ती पडवीतून थेट माजघरात येते. म्हणून पावसाआधी माडाच्या झावळ्या विणून झाप करतात आणि पडवीला बांधतात. दत्ताचं घर समुद्रासमोर, त्यामुळे झाप विणण्यात त्याची आई गावात एक नंबर. तिनंच त्याला शिकवलं होतं. सुट्टीवरून आला की तो सांगायचा, या वर्षी आईनं किती झाप विणले आणि बोटं कशी कापून घेतली.

फेब्रुवारीतली गोष्ट. मेडिकल रूमच्या अँब्युलन्सचं इंजिन शेडमध्ये उघडून ठेवलं होतं. गाडी संध्याकाळपर्यंत तयार हवी, असा हुकूम होता. सकाळची तपासणी मी स्वतः केली. ज्योत निळी होती, झरोका मोकळा होता. नऊ वाजता खबर आली की पाण्याचा टँकर रस्त्याकडेला घसरलाय. सुबेदार साहेब, ड्रायव्हर आणि मी रिकव्हरी गाडी घेऊन निघालो. दत्ता इंजिनापाशी थांबला. आम्ही टँकरजवळ पोचेपर्यंत वारा सुटला होता.

टँकरला केबल लावून मी रेडिओ उचलला.

"वर्कशॉप, रिकव्हरी वन. काम कुठंवर आलं? ओव्हर."

"हेड बसवतोय. झड येत्येय सगळी इंजिनावर. ओव्हर."

"ताडपत्री टाक. ओव्हर."

"टाकली व्हती, ऱ्हात नाय. बघतो मी काय ते. दादा, डोकं जाम धरलाय आज. ओव्हर."

"दार उघड आणि बाहेर उभा राहा जरा. ओव्हर."

"जातो. झड थांबू दे. आउट."

सुबेदार साहेब गढवाली. ते म्हणाले, "हवालदार, सेट पर हिंदी."

मी म्हटलं, "जी साहब."

टँकर वर आला. मी पुन्हा सेट उचलला. उत्तर नाही. पुन्हा बोलावलं. सेटवर नुसती खरखर. सुबेदार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी मोडो."

शेडचं दार बंद होतं. उघडलं आणि अंगावर गरम हवा आली. पंखा चालू होता. दत्ता टूलबॉक्सवर बसला होता, पाठ अँब्युलन्सच्या चाकाला टेकलेली. गाल लालबुंद. झोपला असेल असंच मला वाटलं. मी त्याला शिवी दिली. ती माझ्या तोंडातून त्याच्यासाठी निघालेली शेवटची गोष्ट, आणि ती मला आजही ऐकू येते.

गॅस बंद केला. त्याला ओढून बर्फात आणलं. मी छाती दाबत होतो, सुबेदार साहेब तोंडानं श्वास देत होते. अँब्युलन्स आत खोललेली पडली होती. त्याला रिकव्हरी गाडीत मागे आडवा घालून मेडिकल रूमला नेलं. डॉक्टर कॅप्टन साहेबांनी बराच वेळ प्रयत्न केले. मग त्यांनी हातमोजे काढले.

शेडमध्ये परत गेलो तेव्हा झरोका पाहिला. त्यावर झाप होता. खोक्यांना बांधतात त्या पिवळ्या प्लास्टिक पट्ट्या उभ्या-आडव्या विणून, आतून जुन्या ताडपत्रीचे तुकडे ओवून केलेला. चारही कडा दुमडून तारेनं जाळीला आवळलेल्या. इतका सुबक की माडाच्या झावळ्यांचा असता तर कुणीही पडवीला लावला असता. इंजिनावर बर्फाचा एक कण नव्हता.

ही चूक आमच्याकडचाच माणूस करू जाणे, असं मी तेव्हापासून म्हणत आलोय. आमचं घर कौलातून श्वास घेतं. चारी बाजूंनी झाप बांधा, आत चूल पेटती ठेवा, धूर कौलांतून वर जातो आणि हवा कुठून ना कुठून येते. झड अडवली म्हणून कोकणात कोणी मेलेलं नाही. दत्ताला झरोका कशासाठी आहे हे माहीत होतं. मीच शिकवलं होतं आणि तो ते पाठ म्हणून दाखवायचा. पण उघड्या इंजिनावर झड येताना दिसली आणि हातांनी लहानपणापासून जे केलं तेच केलं. थोड्या वेळापुरतं करतोय, असंच त्याला वाटलं असणार.

शवपेटीबरोबर मी नाट्याला गेलो. खाडीच्या वाटेवर त्याचा थोरला भाऊ विलास भेटला. त्याला मी खरं ते सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आयेला झापाचा सांगू नका. तिनंच शिकवलाय त्याला. ती उरायची नाय. थंडीनं गेला म्हणा."

मी म्हटलं, "बरं."

दत्ताच्या आईनं, म्हणजे काकीनं, मला एकच विचारलं, "लय थंडी व्हती काय रे तिथं?"

मी म्हटलं, "होती, काकी."

निवृत्त झालो आणि पालीला घर केलं. लोक विचारतात, रत्नागिरीत हीटर कोण लावतो? घामानं जीव जातो इथं. पण काजूगर, आमसुलं, पापड, मासळी, जे वाळवायचं ते पावसाळ्यात वाळवायचं कसं? हातखंब्याच्या एका हॉटेलच्या लाँड्रीपासून काजूच्या कारखान्यांपर्यंत गरम हवेचे हीटर मी बसवतो आणि वर्षातून दोनदा तपासतो. फौजेत होती तीच पेटी, तोच बर्नर, तोच झरोका. कुठल्याही शेडमध्ये शिरलो की मी आधी झरोक्यापुढे हात धरतो. मालक मागून चहाला बोलावत असतो, पण वारा हाताला लागेपर्यंत मला ते ऐकू येत नाही.

नाट्याच्या बचत गटानं मासळी सुकवायला शेड बांधली आणि हीटरचं काम माझ्याकडे आलं. गटात काकी होती. मला पाहून तिनं आधी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी हीटर बसवला. झरोका मुद्दाम समुद्राकडे न ठेवता पूर्वेला ठेवला, वर पत्र्याची टोपी बसवली. कार्बन मोनॉक्साइड हेरणारा अलार्म भिंतीला लावला. सगळ्या बायकांना बसवून समजावलं की झरोका बंद करायचा नाही. बायकांनी माना डोलावल्या.

नारळीपौर्णिमा झाली. होड्या समुद्रात गेल्या, मासळी यायला लागली, पण ऊन नाही. दिवसभर पाऊस आणि हीटर चालू. मी काही काम नसताना नाट्याला गेलो. का गेलो, सांगता येत नाही. वाऱ्याचा आवाज ऐकला की मला असं कुठंतरी जावंसं वाटतं.

शेडचं दार लोटलेलं होतं. आत बायका जाळीच्या ट्रेवर बांगडे पसरत होत्या. एक बाई कपाळाला फडकं बांधून बसली होती. मी विचारलं, "काय झालं?"

"डोका दुखताहा. वाशान असेल मासळीच्या."

मासळीच्या वासानं नाट्याच्या बाईचं डोकं दुखलं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. हीटरकडे पाहिलं. ज्योतीची टोकं पिवळी. झरोक्याकडे पाहिलं. त्यावर झाप होता. हिरव्या झावळ्यांचा, ताजा, चारही कडा दुमडून सुंभानं आवळलेला.

पुढचं मला नीट आठवत नाही. बायका सांगतात की मी "आउट, आउट" असं ओरडलो. गॅस बंद केला, दोन्ही दारं उघडली, सगळ्यांना पावसात बाहेर काढलं. डोकं दुखणाऱ्या बाईला रिक्षानं दवाखान्यात पाठवलं. अलार्म बघितला तर मुका. त्यातले सेल भिंतीवरच्या घड्याळात होते. घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं.

मी झाप उपटून बाहेर फेकला. बायका भिजत उभ्या होत्या आणि वैतागल्या होत्या.

एक म्हणाली, "दादा, आता मासळी कशी सुकायची? वारा फिरला की झड येत्येय त्यातून."

काकी पुढे आली. "मी विणला तो झाप. एवढा काय झाला? पोरी भिजत व्हत्या, मासळी भिजत व्हती. पावसापुरता लावला."

मी पुन्हा तेच सांगू लागलो, हवा, ज्योत, वायू. बायकांच्या चेहऱ्यांवर तेच भाव, बसवताना होते तसे. पालथ्या घड्यावर पाणी. मला कळलं की मी गेलो की संध्याकाळी झाप पुन्हा लागणार. काकीच्या हातचा लागणार, आणि आत अकरा बायका असणार, त्यांत काकीही.

विलासला दिलेला शब्द आठवला. मी काकीला बाजूला पागोळ्यांखाली घेतलं.

"काकी, दत्ता थंडीनं गेला नाही."



मी सांगितलं. सगळं, जसं घडलं तसं, रिपोर्ट देतात त्याप्रमाणे. इंजिन, वारा, झड, पिवळ्या पट्ट्या, दुमडलेल्या कडा. मी तिच्या पायांकडे बघत बोललो. मी तिला मारतोय असं मला वाटत होतं. दुसरा रस्ता असता तर मी त्यानं गेलो असतो.

माझं संपलं. पाऊस चालू होता. तिनं विचारलं, "शेडीत ऊब व्हती?"

"होती, काकी. चांगली गरम होती."

"त्याला थंडी नाय वाजली?"

"नाही. झोप लागली त्याला."

तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "तो गेल्यापासून मी अंगावर काय घेतला नाय रे. थंडीच्या दिवसांतपण नाय. वाटायचा, माझा पोर गारठून गेला, मी कशाला पांघरू?"

 मी फौजी आहे, पण तिथं मी रडलो. तिनंच माझ्या पाठीवर हात फिरवला.

मग ती बायकांकडे गेली. फेकलेला झाप तिनं उचलला, त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाली, "हिकडं या. माझा दत्ता कसा गेला तो ऐका." आणि मी सांगितलं होतं तसंच, एकही गोष्ट न गाळता, तिनं सांगितलं. 

त्या शेडचा झरोका त्यानंतर बंद झालेला नाही. झड आली तर बायका मासळीचे ट्रे उचलून दुसऱ्या टोकाला नेतात. गटात नवीन बाई आली की काकी तिला आधी झरोक्यापाशी नेते, तिचा हात जाळीपुढे धरायला लावते आणि दत्ताची गोष्ट सांगते. तो कोणत्या कंपनीत होता, कोणतं इंजिन जोडत होता, त्याचे हात किती स्वच्छ होते, सगळं.

विलास माझ्याशी अजून बोलत नाही. त्याचं मी समजू शकतो.

गेल्या डिसेंबरात तपासणीला गेलो तेव्हा नाट्याला बऱ्यापैकी गारठा होता. सकाळची वेळ, काकी ओट्यावर उन्हाची वाट बघत बसली होती. अंगावर गोधडी होती, गळ्यापर्यंत ओढून घेतलेली. मला बघून म्हणाली, "ये, बस. दत्तूच्या वेळची काहीतरी गोष्ट सांग."

मी बसलो आणि सांगितली.