पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर

ओडेसा प्रुइटने एकसष्टाव्या वर्षी शाळेत नाव घातलं, तेव्हा क्लीव्हलंडच्या त्या गल्लीत कुणी हसलं नाही. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तीस वर्षं चादरी झटकलेल्या बाईला हसायची कुणाची छाती होती? शाळेचं प्रमाणपत्र मिळालं की ती तिथली सुपरवायझर होणार होती, आणि परीक्षा होती कॉम्प्युटरवर. प्रौढांच्या शाळेने तिला दुरुस्त केलेला जुना कॉम्प्युटर साठ डॉलरला मिळवून दिला. अट एकच: पहिल्या महिन्यात घरी वीस तास सराव. नाही झाला, तर पैसे परत आणि कॉम्प्युटर यादीतल्या पुढच्या नावाकडे.

कॉम्प्युटर अर्थातच पुढच्या खोलीत गेला. चांगली वस्तू आणखी कुठे ठेवणार? तिथल्या सोफ्यावर, खुर्च्यांवर, दिव्याच्या शेडवरसुद्धा जाड प्लास्टिक. एकोणीस वर्षांत तिथे फक्त पाद्री बसले होते, तेही एकदाच. कॉम्प्युटरवर लेसचं कापड पडलं. चर्चच्या बायका उंबऱ्यातूनच बघून, मान डोलावून गेल्या. नवरा क्लीओ तर त्या उंबऱ्यापासूनही दोन हात लांब राहायचा. सरावासाठी ओडेसा दोन बस बदलून वाचनालयात जायची.

महिना संपायला पाच दिवस उरले, तेव्हा शिक्षिका मार्लीन कोवाल्स्की घरी आली. ओडेसाने तिला स्वयंपाकघरात बसवलं, रताळ्याच्या गोड पाईचा तुकडा पुढे ठेवला.

"मिस ओडेसा, शाळेच्या नोंदीत तुमचा कॉम्प्युटर शून्य तास दाखवतोय."

"असं कसं? महिनाभर चोवीस तास घरीच तर आहे तो."

"तो आहे. तुम्ही त्याच्यासमोर बसायचंय."

"पुढच्या खोलीत?"

"मग इकडे आणा, स्वयंपाकघरात."

"तेलाच्या वाफेत? बाई, साठ डॉलर घामाचे आहेत माझे."

मार्लीनने सुस्कारा टाकला. "मग शनिवारी घेऊन जावा लागेल. यादीत पुढचं नाव लव्होन गेन्स."

ओडेसाचा चमचा थांबला. लव्होन चर्चच्या गायनवृंदात तिच्या शेजारी उभी राहायची आणि वरचा सूर तिच्या आधी पकडायची.

"लव्होनला टाइप करता येतं?"

"शिकेल ना."

"माझ्या कॉम्प्युटरवर नाही."

मार्लीन गेली. ओडेसा कात्री घेऊन पुढच्या खोलीत शिरली. खुर्चीवरचं प्लास्टिक कापताना असा आवाज झाला, की क्लीओ धावत आला. ओडेसा मखमलीवर टेकली. खुर्ची फारच बुटकी निघाली. टेबल थेट हनुवटीशी. तिने अंगाखाली टेलिफोनच्या दोन डिरेक्टऱ्या सरकवल्या आणि एका बोटाने नाव टाइप केलं.

"डेसा," क्लीओ उंबऱ्यातून म्हणाला, "आता सुरुवात झालीच आहे, तर सोफ्यावर जरा टेकू का?"

"तुझी परीक्षा आहे?"

"नाही."

"मग स्वयंपाकघरात बस. आणि टीव्ही हळू ठेव, मला वीस तास काम आहे."