आत्याने पाइपांना कपडे घातले

लग्न झाल्यापासून आमची आत्या हिमाचलात राहते. आतोबा तिथे रस्तेबांधणीच्या नोकरीत होते, आणि निवृत्त झाल्यावर पुण्याला यायचं सोडून त्यांनी तिथल्याच एका डोंगरी गावात उतारावर दोन खोल्यांचं घर बांधलं. मागच्या पावसाळ्यात आतोबा गेले. पाठोपाठ आत्याचे गुडघे कुरकुरायला लागले. "या हिवाळ्यात तू तिथे एकटी राहायचं नाहीस," असं सगळ्या भावंडांनी तिला फोनवर दम देऊन सांगितलं, आणि बेंगळुरूची हवा सगळ्यांत चांगली म्हणून ती आमच्या वाट्याला आली.

आम्ही महादेवपुऱ्यात एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालकीणबाई. त्यांचं घराणं मूळचं मराठी, पण इतक्या पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं की त्यांच्या मराठीत अधूनमधून कानडी खडे लागतात. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो.

आत्या टॅक्सीतून उतरली ती हसतच. डिसेंबर होता, आणि टॅक्सीवाल्याने कानटोपी, मफलर, जाकीट असा सगळा सरंजाम चढवला होता.

"अरे, ह्याला ताप आहे का?" तिने माझ्या कानात विचारलं.

"नाही गं, थंडी आहे."

"कुठे?" असं म्हणून तिने गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकली, जणू थंडी एखाद्या कोपऱ्यावर उभी असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला तिने नळ सोडला आणि तिचं हसू मावळलं. पाणी रात्रभर गच्चीवरच्या टाकीत राहून चांगलंच गारठलं होतं. डॉक्टरने नाडी बघावी तशी ती धारेखाली बोट धरून उभी राहिली.

"पाइप कुठून येतो?"

"गच्चीवरून."

"भिंतीच्या आतून?"

"नाही, बाहेरून."

दुखरे गुडघे घेऊन ती जिना चढून गच्चीवर गेली. टाकीतून गार पाण्याचा एक पाइप आणि सोलरमधून गरम पाण्याचा दुसरा, असे दोघे शेजारी शेजारी कठडा ओलांडून, घराच्या पुढच्या भिंतीवरून खाली उतरले होते. इथे सगळ्या घरांचे तसेच असतात. आत्याने वाकून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अरे, हे तर नागडेच आहेत!"

मी तिला समजावलं की बेंगळुरूत बर्फ पडत नाही, पाणी गोठत नाही, इथे थंडी म्हणजे लोकांना स्वेटर घालायला मिळालेलं निमित्त असतं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाइप काही सांगून फुटत नाही." एवढं बोलून ती खाली आली, आणि मला वाटलं विषय संपला.

विषय संपला नव्हता. आत्याच्या गावात कडाक्याच्या रात्री नळ अगदी बारीक सोडून ठेवतात, कारण वाहतं पाणी लवकर गोठत नाही. झोपायला जाताना तिने स्वयंपाकघरातला, दोन्ही न्हाणीघरांतला आणि मागच्या गॅलरीतला, असे सगळे नळ सुताएवढे सोडले. आम्ही गाढ झोपलो होतो. सकाळी दारावर थापा पडल्या म्हणून उघडलं, तर अक्का उभ्या. केसांना शिकेकाई, एक डोळा मिटलेला.

"अय्यो, काय हो हे! माझ्या डोक्याला शिकेकाई आणि नळाला नुसता वारा! टाकीत पाणी स्वल्प कमी होतं म्हणून टँकरला सांगितलं होतं. पण स्वल्प कमी म्हणजे सगळंच कसं गेलं?"

माझ्या मागून आत्या पुढे आली. "मी सोडून ठेवलं होतं. गोठू नये म्हणून."

"काय गोठू नये?"

"पाणी."

"कुठलं?"

"इथलं."

अक्कांनी मिटलेला डोळा उघडून आत्याला नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "सरी." हा शब्द इथे 'बरं' पासून 'देवा, यांना सांभाळ' पर्यंत कुठल्याही अर्थाने चालतो. आमच्या पिण्याच्या पाण्याचा कॅन मी खांद्यावरून खाली पोचवला, आणि अक्कांनी त्या पाण्याने केस धुतले. इतकं शुद्ध न्हाणं आयुष्यात झालं नव्हतं, असं त्या नंतर सगळ्या गल्लीला सांगत होत्या.

नळ सोडायला बंदी झाली तेव्हा आत्या म्हणाली, "मग पाइपांना पांघरूण घालणं भाग आहे." आणि घरात शोधाशोध सुरू झाली. पहिला बळी गेला माझ्या बायकोच्या योगासनांच्या चटईचा.

"ही तू कधी वापरतेस?" आत्याने विचारलं.

"सोमवारपासून सुरू करणार होते, आत्या."

"कुठल्या सोमवारपासून?"

चटईच्या पट्ट्या झाल्या आणि टाकीजवळच्या पाइपांना गुंडाळल्या गेल्या. त्यानंतर माझी जुनी जीन्स. पुन्हा बारीक होईन या आशेवर मी ती कपाटात जपून ठेवली होती. आत्याने ती माझ्या पोटाला दुरूनच लावून पाहिली आणि शिवण उसवायला घेतली. दोन पाइप शेजारी शेजारी होते, जीन्सला पाय दोन. तिच्या दृष्टीने हा योग देवानेच जुळवून आणला होता. गार पाइपाला डावा पाय, गरम पाइपाला उजवा. मी शिडीवर, आत्या पुढच्या गॅलरीतून सूचना देत, असं दाभण आणि सुतळीने आम्ही ते शिवून टाकलं. वरचा भाग उघडा राहत होता म्हणून तिथे माझं एक टोपीवालं जाड जाकीट आलं. ते मला ज्या कंपनीने दिलं होतं ती बंद पडली होती, त्यामुळे त्याचा अपमान करायला मला काही वाटलं नाही. त्याच्या बाह्या कठड्यावर ओढून बांधल्या. आत भरायला जुन्या उशीतला कापूस.

त्या संध्याकाळी मी खालून पाहिलं असतं तर पुढचा प्रकार टळला असता. पण अंधार पडत होता, आणि आम्ही दोघं थकून चहा प्यायला आत गेलो.

पहाटे दाट धुकं होतं. आमच्या गल्लीत दूध टाकणाऱ्याने स्कूटर थांबवली, पिशवी काढली, सहज वर पाहिलं आणि बोंब ठोकली, "कळ्ळा! कळ्ळा!" कळ्ळा म्हणजे चोर. शेजारच्या बांधकामावरचा राखणदार बांबू घेऊन धावला. इस्त्रीवाला आला. अंगणात सडा टाकणाऱ्या बायका बादल्या घेऊनच आल्या. धुक्यात आमच्या भिंतीवर एक माणूस लोंबकळत होता. डोक्यावर टोपी, दोन्ही हात कठड्याला, पाय हवेत.

अक्का दार उघडून बाहेर आल्या आणि त्यांनी वर बघून हुकूम सोडला, "केळगे इळी!" खाली उतर. चोर हलला नाही. त्यांनी पुन्हा, आवाज चढवून सांगितलं. चोर तसाच. कुणी म्हणालं तो अडकलाय. कुणी म्हणालं गारठून गेला असेल, बिचारा. राखणदाराने बांबूने त्याच्या ढुंगणाला ढोसलं, तर बांबू कापसात रुतून बसला.

गलका ऐकून मी गॅलरीत आलो. अंगावर शाल, डोक्याला मफलर. मला पाहताच खालून ओरडा झाला की दुसराही आहे. तोपर्यंत माझं कानडी भाजी आणि रिक्षापुरतं होतं. त्यातून जेवढं जमलं तेवढं जोडून मी ओरडलो, "अदु नन्न प्यांट!" ती माझी पँट आहे.

आधी दूधवाला हसायला लागला, मग राखणदार, आणि अक्का तर पायरीवर बसून पदराने डोळे पुसायला लागल्या. आत्या एवढा वेळ माझ्या मागे उभी होती. तिने खाली वाकून एकच प्रश्न विचारला, "बांबूने फाटलं का रे ते?"

थोड्या वेळाने अक्का वर आल्या. मला वाटलं आता घर सोडायला सांगतात.

"ते पँटवालं बेडा," त्या म्हणाल्या. "नकोच ते. दूधवाल्याचं काळीज स्वल्प कच्चं आहे. पण बाकीचं राहू दे. काल माझ्या न्हाणीघरात सोलरचं पाणी चांगलं कढत आलं. एरवी येता येता कोमट होतंय."

आत्याचा चेहरा असा उजळला, जणू तिला कुणी पदकच दिलं. त्या दिवसापासून दोघी रोज दुपारी गच्चीवर उन्हात बसायला लागल्या. अक्कांनी जुन्या गाद्यांचं कापड काढलं, आत्याने त्याच्या नळकांड्या शिवल्या. अक्कांनी आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता, फक्त रसवंतीतला. नळातून पाण्याऐवजी काहीच येत नाही, मग लोक करतात काय, याची त्यांना फार उत्सुकता. "मग भांडी?" "मग आंघोळ?" "मग ते दुसरं?" आत्या सगळ्याची सविस्तर उत्तरं द्यायची.

अशाच एका दुपारी आत्याच्या शेजारणीचा फोन आला. तिच्याकडे घराची किल्ली होती. आत्या निघण्याआधी मुख्य कॉक बंद करून, सगळे नळ उघडून, पाइपांतलं पाणी काढून आली होती. तरी स्वयंपाकघराच्या मागचा पाइप फुटला होता. लांबच लांब चीर पडली होती, आणि त्यातून बर्फाची जीभ बाहेर आली होती.

आत्याने फोन मांडीवर ठेवला. मी चहा घेऊन वर गेलो होतो, तो तिने बाजूला ठेवला.

"त्या पाइपाला आणखी एक कॉक आहे म्हणे," ती म्हणाली. "मागे, जमिनीलगत, दगडाखाली. तो उघडला नाही की पाणी आतच राहतं. मला ठाऊकच नव्हतं."

"मग दरवर्षी कोण उघडायचं?" मी विचारलं.

"दरवर्षी थंडीत महिनाभर पुण्याला यायला निघताना सगळं बंद केलं की हे मागच्या बाजूला जाऊन यायचे. मला वाटायचं बिडी ओढायला जातात. इतकी वर्षं मी त्यावरून भांडले रे."

अक्कांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली, आणि हळूच म्हणाल्या, "दोन्ही करत असतील की हो."

आत्या एकदम हसली. हसता हसता रडली, आणि मग गार झालेला चहा पिऊन टाकला.

मार्चमध्ये मी रजा काढून तिला पोचवायला गेलो. तिथल्या प्लंबरने फुटलेला तुकडा कापून नवा बसवला. मग आम्ही घरामागे तो दगड हुडकला आणि त्याच्याखालचा कॉक. गंजून घट्ट बसला होता. तेल घालून, पान्याने हलवून मी तो मोकळा केला, आणि आत्याने तो स्वतःच्या हाताने उघडून बंद करून, उघडून बंद करून पाहिला. विसर पडायला नको म्हणून तिने छपराचा उरलेला लाल रंग आणून दगडाला फासला.

मी निघायच्या दिवशी सकाळी पाहिलं तर दगडावर बुरांशाची दोन फुलं ठेवलेली. वरच्या वाडीतली एक म्हातारी पाण्याला जाताना नमस्कार करून गेली होती. मी आत्याला म्हटलं, अगं, तिला सांग तरी, हा देव नाही.

"राहू दे," आत्या म्हणाली. "हिवाळ्यात त्याच्याकडे कुणाचं तरी लक्ष असलेलं बरं."