आईच्या पट्टीतली आरती

पन्नाशीला टेकल्यावर मी पेटी शिकायला गेलो, आणि शिकवणारी निघाली माझ्या मुलीच्या वयाची. दादरच्या तिच्या क्लासात पहिल्या शनिवारी मांडी घालून बसलो, तेव्हा गुडघे असे वाजले की तिने न विचारताच उशी आणून दिली. मग म्हणाली, "काका, आज एकच सूर धरायचा. भाता सारखा हलवा, आवाज कमी-जास्त होता कामा नये."

मी मुळात उतावळा माणूस. ऑफिसात लिफ्टला उशीर झाला तर जिना चढतो आणि वर पोचून धापा टाकत बसतो. तो एक सूर धरून माझा जीव मेटाकुटीला आला. शेवटी म्हणालोच, "मॅडम, मला आरत्या शिकायच्यात. गणपतीच्या आधी."

"शिकाल हो. आधी हवा नीट भरा. सायकलचा पंप नाहीये तो."

आरत्यांची घाई आईमुळे होती. लालबागच्या आमच्या चाळीत, आमच्या मजल्यावरची आरती आईच सुरू करायची. गावाकडच्या भजनात तयार झालेला तिचा आवाज. पहिली ओळ तिची, मागून अख्खा मजला. पुढे कोणीतरी ब्लूटूथ स्पीकर आणला. त्यातला गवई उंच पट्टीत, भरधाव गायचा. सत्तरी ओलांडलेल्या आईचा आवाज खाली उतरलेला. पहिल्या वर्षी तिने गवयाला गाठायचा प्रयत्न केला, दुसऱ्या वर्षी नुसता टाळ धरला. "माझो आवाज बसलो आता," म्हणाली आणि हसली. मला तो स्पीकर उचलून गॅलरीतून खाली फेकावासा वाटला. आईने पुन्हा गायला हवं होतं, बस्स. घरात वाजवणारा असेल तर स्पीकर कपाटात जाईल आणि आई गाईल, असा माझा साधा हिशेब होता.

एका ओळखीच्यांकडून जुनी पेटी आणली आणि रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी बसू लागलो. चाळीत रियाज म्हणजे जाहीर कार्यक्रम. एका कडव्यात मी रोज एकाच जागी अडखळायचो. काही दिवसांनी शेजारच्या काकू पोळ्या लाटता लाटता भिंतीपलीकडून तो सूर गाऊन देऊ लागल्या. माझी बायको मला ऐकू जाईल अशा बेताने त्यांना म्हणाली, "ह्यांच्याऐवजी तुम्हीच क्लासला जायला हवं होतं!" काकू लाजल्या. मला मात्र मजा यायला लागली होती. ऑफिसात मीटिंग चालू असताना टेबलाखाली मांडीवर माझी बोटं आरती वाजवायची.

मोबाइलवरची आरती लावून तिच्याबरोबर बोटं पळवत मी ती बसवली. क्लासमध्ये वाजवून दाखवली. मॅडम म्हणाल्या, "छान. गाणार कोण आहे?" मी म्हटलं, "आई." त्या म्हणाल्या, "मग त्यांना एकदा गाऊ द्या आणि त्यांच्या पट्टीत बसवा." मला आईला चकित करायचं होतं, म्हणून मी ते कानाआड केलं.

चतुर्थीची संध्याकाळ. स्पीकर कपाटात. अर्धा मजला आमच्या खोलीत आणि उरलेला गॅलरीत. मी झोकात सुरुवात केली, एक सूर चुकला नाही. आईने डोळे विस्फारून माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, एक ओळ ओढून ताणून म्हटली आणि गप्प झाली. मग तिचा हात टाळाकडे गेला.

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मोबाइलवरून उतरवलेली आरती मोबाइलच्याच पट्टीत होती, स्पीकरमधल्या गवयाइतकीच उंच. स्पीकर कपाटात ठेवून मी स्वतःच स्पीकर होऊन बसलो होतो.

मी भाता सोडला. अर्ध्या आरतीत सगळं शांत. काकूंनी तर कानाला हात लावले.

"आरती मधी थांबवतत काय रे?" आई ओरडली.

"तूच सुरू कर. तुझ्या आवाजात."

"मेल्या, आता ह्या वयात..." म्हणत तिने बाप्पाकडे पाहिलं आणि सुरू केली. सूर खूप खाली, जरा खरखरीत, पण तोच जुना ठाम आवाज. त्या पट्टीत मला काही म्हणता काही वाजवता येत नव्हतं. एक एक सूर दाबत तिचा सूर शोधला, सापडल्यावर त्यावर बोट ठेवलं आणि तेवढाच धरून राहिलो. आवाज कमी-जास्त होऊ दिला नाही. मजला तिच्यामागून गात होता. माझे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

प्रसाद घेताना काकू म्हणाल्या, "इतके महिने क्लास लावलास आणि वाजवलंस काय, तर एक सूर?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, आदल्या दिवशीचा सूर पक्का लक्षात ठेवला होता, त्यावरून दिवसभर खपून त्या पट्टीत आरती बसवली. संध्याकाळी आईने सुरू केली ती भलत्याच पट्टीत. पहिली आरती संपताच मी कुजबुजलो, "अगं, काल कुठून सुरू केली होतीस?"

"माका काय ठावक? तोंड उघडला, सूर इलो. तू शोध," ती म्हणाली आणि माझी वाट न बघता पुढच्या आरतीला लागली.