खांदा मागे बसवला नाही

साल २०१७. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा. धारच्या एका रायफल क्लबात खोखे तयार करायचं काम माझ्याकडे. खोखा म्हणजे गोळी सुटल्यावर उरते ती पितळेची रिकामी पुंगळी. बार झाला की ती फुगते आणि ज्या रायफलीतून गोळी सुटली तिच्या पोटाचा आकार घेते. मग तिला डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून परत मापात आणायची आणि नवी दारू-गोळी भरून पुन्हा वापरायची. मी चौथी नापास, पण क्लबातले शिकलेले साहेब लोक मला विचारायला यायचे. त्याचा माज होता मला, कशाला लपवू.

माझी मुलगी तिथेच नेमबाजी करायची. देवासला सामना होता. पहिल्या तिघांत आली तर खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात नोकरी लागणार होती. पुढल्या वर्षी तिचं वय निघून जाणार, म्हणजे हीच एक संधी.

आठ दिवस आधी क्लबाने तिला नवी रायफल दिली. खोखे मात्र जुन्या रायफलीतले. त्यांचा मी नेहमी फक्त गळा, म्हणजे गोळी बसते ते तोंड, आवळायचो, बाकी अंगाला हात लावायचा नाही. जुनीत तसेच खोखे नेमाला पक्के लागायचे.

"बाबा, या वेळी पूर्ण दाबून काढा हं," ती म्हणाली. "गळ्याखालचा खांदा जरा मागे बसायला हवा. नव्या रायफलीत एक घालून तर बघा."

"तू जन्मायच्या आधीपासून दाबतोय मी. मला शिकवतेस?"

"निदान मापाला गेज तरी लावा."

"गेज त्याला लागतो, ज्याची बोटं आंधळी."

ती हसली, इकडे दोस्ताला म्हणतात तसं म्हणाली, "बरं भिया, तुम्हीच उस्ताद!"

मी एकही घालून पाहिला नाही.

देवासला मी तिच्या मागे, दोरीपलीकडे उभा होतो. पहिलंच काडतूस घातलं आणि ते आत ढकलणारा बोल्ट अर्ध्यावर अडला. तिने तळव्याने रेटला, तो पुढे सरकेना. दुसरं घेतलं, तेच. तिसरं, तेच. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, नुसतं पाहिलं. शेजारी नेम धरणाऱ्या मुलीने आपली काडतुसं दिली, पण ती हिच्या रायफलीत भलतीकडेच लागत होती. वेळ संपली. ती अकरावी आली.

संध्याकाळी धारला उतरलो तर क्लबाचे सेक्रेटरी बस स्टँडवरच उभे. "काय झालं गं बेटा?"

"माझाच हात हलला, काका. नव्या रायफलीला घाबरले. काडतुसं एकदम बढिया होती."

मी शेजारीच होतो. काडतुसांची पेटी उचलली आणि घराकडे चालू लागलो. घरी तिने मला वाढलं, पापड भाजून दिला, आणि स्वतः न जेवता आत गेली.

रायफलीला तिने परत हात लावला नाही. आता पीथमपुरात औषधाच्या कारखान्यात आहे, शिफ्टच्या बसने जाते-येते. त्या दिवसाबद्दल तिने मला आजवर एक शब्द बोलून दाखवलेला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मात्र मी क्लबात गेलो होतो. सगळे चहा पीत होते. नवी रायफल मागून घेतली, माझ्या हातचा एक रिकामा खोखा तीत घातला आणि बोल्ट अडला तो सगळ्यांना दाखवला. म्हणालो, "पोरीचा हात हलला नव्हता. हे काम माझं आहे."