जनावरांच्या दवाखान्याला गाळा पाहिजे

"चावी हातात देऊ नका. तिथं ओट्यावर ठेवा."

गाळ्याचा मालक असं म्हणाला तेव्हा माझा हात पुढंच होता. थोड्या वेळापूर्वी ह्याच माणसानं ती चावी माझ्या तळहातावर ठेवली होती. "आजी, शटर तुमच्या हातानं उघडा," म्हणाला होता. मी उघडलं होतं.

मधे एवढंच झालं, की माझा फोन वाजला. हट्टा गावाहून बहीण होती. मी सवयीनं म्हणाले, "जयभीम बाई. बोल."

माझी नात जनावरांची डॉक्टर आहे. तिला तालुक्याला स्वतःचा दवाखाना टाकायचा आहे. माणसांच्या डॉक्टरला कुठलीही खोली चालते. हिला तसं नाही. पुढं टेम्पो वळला पाहिजे, गाय उभी करायला लोखंडी खोडा रोवता आला पाहिजे, धुतलेलं पाणी जायला नाली पाहिजे. दोन महिने आम्ही हिंडत होतो. एकानं वरच्या मजल्यावरची खोली दाखवली. मी विचारलं, "म्हैस जिना चढंल का?" दुसरा म्हणाला, शेणाचा वास येईल. त्याच्या स्वतःच्या दारात चार म्हशी. बाकीच्यांनी आडनाव विचारलं आणि मग त्यांना आठवलं, की जागा मेव्हण्याला कबूल केली आहे. म्हणून नातीनं मला बजावलं होतं, "आजी, तिथं तू बोलू नको."

हा गाळा बराबर होता. मालकानं आडनाव विचारलं नाही, कारण त्याची गाय आजारी होती. सड सुजलेलं. नात गोठ्यात गेली, गाय तपासली, धार काढून बघितली. तो "मॅडम, मॅडम" करत मागं उभा. तेवढ्यात माझा तो फोन.

चावी मी ओट्यावर ठेवली. तो नातीला म्हणाला, "भाऊ न्हाई म्हणून राहिला. तिथं खताचं दुकान टाकायचं हाय." आणि लगेच, "गाईचं औषध तेवढं लिहून द्या."

तिनं दिलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काहून दिलंस?"

"गाईनं काय केलं, आजी?" मग स्कूटी चालू करताना म्हणाली, "पुढच्या जागी फोन बंद ठेव."

चावीपेक्षा हे जास्त लागलं. रस्ताभर बाप डोळ्यांपुढं होता. पाटलाचा बैल जिवंत असेपर्यंत बापाला गोठ्याची पायरी चढू देत नव्हते. बैल मेला की निरोप यायचा, ओढून न्या. मी लहान होते, शेपटीकडून लोटायचे.

आठ दिवसांनी मालकाचा फोन आला. नातीनं आवाज मोठा करून माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, गाय बरी झाली. तुमचा हात चांगला हाय. गाळा देऊ तुमाला. फक्त पाटीवर आडनाव नको. नुस्तं डॉक्टर अन् तुमचं नाव. अन् आजीला तिथं बसवू नका, गिऱ्हाईक बिचकतं."

नातीनं फोनवर हात ठेवला. मग हळूच मला म्हणाली, "पाटीच तर हाय. बस्तान बसलं की बदलू."

पोरगी दमली होती. ती 'हो' म्हणणार, हे मला दिसत होतं. मी फोन उचलला.

"मालक, गाईच्या सडाला आमच्या पोरीचा हात चालला. आडनाव चालत न्हाई व्हय? राहू द्या तुमचा गाळा."

"आजी, मी तुमच्या भल्याचंच सांगून राहिलो."

"आमचं भलं आमाला कळतं."

फोन ठेवला. नात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चल, एक जागा बघायची हाय."

अजून गाळा मिळालेला नाही. ती स्कूटीला पेटी बांधून गावोगाव जाते, गोठ्यात उभी राहून सुया टोचते. पण आता कुठंही गेलो, की आत पाय टाकायच्या आधी मीच सांगते. आम्ही बौद्ध. पाटीवर पूर्ण नाव लागंल. दारात खुर्ची टाकून मी रोज बसंन. न्हाई म्हणायचं तर आत्ता, माझ्या तोंडावर म्हणा. भाऊ, मेव्हणा मधे आणू नका. तीन जणांनी तोंडावर नाही म्हटलं. चौथ्याला, पाचव्याला, पन्नासाव्याला हेच सांगणार.

हे माझ्यासोबत झालं. मी साखऱ्याकडची, चौथी शिकलेली, डॉक्टरची आजी.