लोडाशी बोलायची तालीम

९ जुलै २००२. पांढऱ्या साडीला खळ घालत होते. दुसऱ्या दिवशी मुलाखत होती. आमच्याच हॉस्पिटलात नवीन आयसीयू सुरू होणार होतं आणि जनरल वॉर्डातल्या नर्सेसमधून एकीला घेणार होते. ती जागा मला हवी होती.

कारण साधं होतं. उन्हाळ्यात नवरा गेला. कागलहून घरी येताना छातीत दुखलं, दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. पंधरवडा संपल्यावर मी ड्यूटीवर हजर झाले. काम जमत होतं. जमत नव्हते ते नातेवाईक. आमच्याकडे एका पेशंटमागे चारपाच माणसं, आणि त्यांना वेळच वेळ.

"सिस्टर, कपाळ का मोकळं?"

"मालक वारले."

"आँ? कशानं वो? लेकरं किती? सासरचं बघत्यात न्हवं?"

मग एक सुस्कारा, आणि वर आपल्या डब्यातली भाकरी पुढं. माया होती, ते कळत होतं. पण दर पाळीला तेच सांगायचं. सांगताना काही वाटायचंही नाही, दुसऱ्याच कोणाची माहिती दिल्यासारखं सांगायचे. आयसीयूत नातेवाईक दाराबाहेर, पेशंटच्या तोंडात नळी. विचारणार कोण?

साडी दोरीवर टाकून मी खालच्या मजल्यावरच्या सिस्टरकडे गेले. त्या आजऱ्याच्या, आयसीयूतून निवृत्त झालेल्या. तयारी करून घेते म्हणाल्या होत्या. त्यांनी पलंगावर लोड आडवा ठेवला होता आणि त्याला छातीपर्यंत चादर घातली होती.

"हा व्हेंटिलेटरवर हाय. छाती कफानं घरघरतीया. कर सक्शन."

मी केलं. हात धुतले, हातमोजे घातले. आधी ऑक्सिजन वाढवायचा, कफ ओढायची नळी आत जाताना सक्शन बंद, बाहेर काढताना फिरवत, आणि झटपट. तोंडानं सगळं म्हणत, क्रम न चुकता.

"पाठ झालंय की. पण नापास."

"काय चुकलं?"

"माणसाला न सांगता घशात नळी घातलीस. त्यो दचकंल, दात आवळंल, नाडी पळंल."

"बेशुद्ध आहे ना तो?"

"तुला कुणी सांगितलं? ऐकू येतंय का न्हाय, ते मॉनिटरवर दिसत न्हाय. हात लावायच्या आधी बोलायचं. दर खेपंला. कूस बदलताना, डोळं पुसताना, सगळ्याला." मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "आयसीयू कशाला पायजे गं तुला?"

मी खरं ते सांगितलं. तिथं कोणी काही विचारत नाही, म्हणून.

त्या मोठ्यानं हसल्या. "मग शवागारात अर्ज कर की! तिथं तर अगदीच शांत." मग लोड सारखा करून म्हणाल्या, "उद्या असं म्हणू नकोस, घालवून देतील. बोल ह्याच्याशी."

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. कोणी विचारल्याशिवाय बोलायची सवयच गेली होती. मुलगी पुण्याला वसतिगृहात, घरात मी एकटी. घरातून निघताना 'येते' म्हणणंही सुटलं होतं. म्हणणार कोणाला? कुलूप लावायचं आणि चालू लागायचं.

"लाजतीस व्हय लोडाला? जोरात!"

"काका, घशातला कफ काढते. खोकला येईल. थोडंच आहे."

"ऐकू न्हाय आलं त्याला."

पुन्हा म्हटलं. पुन्हा. संध्याकाळपर्यंत त्या लोडाची मी कूस बदलली, तोंड पुसलं, त्याला वार सांगितला, बाहेर पाऊस आहे हेही सांगितलं. त्यानं काही विचारलं नाही. सिस्टरांनी चहा टाकला आणि त्यांनीही काही विचारलं नाही.

वर आले तर साडी दमटच होती. मग इस्त्रीनेच वाळवली. जेवले आणि झोपले. झोप बरी लागली.

सकाळी साडी नेसले, घड्याळ पिनेनं छातीवर लावलं, प्रमाणपत्रं पिशवीत घातली. दारात चप्पल घालून मी वळले आणि रिकाम्या खोलीला उद्देशून मोठ्यानं म्हटलं, "येते. मुलाखत आहे. दुपारपर्यंत येईन." मग गॅस बंद आहे का ते पुन्हा एकदा पाहिलं, कुलूप लावलं आणि बसस्टॉपवर गेले.